साठवणीच्या जाळ्यातील नामकरण

बँकेत पैसे भरले की त्याची नोंद खिडकीमागच्या कारकुनापुढील यंत्रातच राहत असेल, असे आपल्याला वाटते. मोठ्या संस्थांत तसे नसते. तेथे काम करणारे सर्व्हर एका बाजूस, डिस्कांनी भरलेली कपाटे दुसऱ्या बाजूस, आणि मध्ये काचतंतूंच्या केबली व त्या जोडणारे स्विच असतात. यास आपण साठवणीचे जाळे म्हणू. कोणत्या सर्व्हरने कोणत्या कपाटापर्यंत पोहोचावे हे स्विचमधील याद्यांवरून ठरते, आणि या याद्या बहुधा नावांच्याच असतात. एक नाव चुकून दोन सर्व्हर एकाच डिस्कवर परस्परांना न विचारता लिहू लागले, तर दोघांच्याही नोंदींची माती होते.

अशा जाळ्यात, विशेषतः 'फायबर चॅनेल' पद्धतीत, उपकरणाला तीन नावे असतात. पहिले पाळण्यातले. ते ६४ बिटांचे असून सोळा चिन्हांनी लिहितात. ज्या नावाचा पहिला आकडा ५ असतो, त्यातील पुढची सहा चिन्हे कारखानदाराची. ती आय-ट्रिपल-ई ही अभियंत्यांची संस्था नेमून देते. उरलेली नऊ कारखानदार स्वतः घालतो. जगात एका नावाची दोन उपकरणे होऊ नयेत, एवढ्यासाठी हा खटाटोप. दुसरे नाव म्हणजे २४ बिटांचा पत्ता. तो कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टात केबल खोवली आहे त्यावरून मिळतो. बिऱ्हाड हलले की तो बदलतो.

तिसरे हाकेचे नाव मात्र माणसाने ठेवावयाचे, आणि खरी पंचाईत येथेच आहे. संगणकांना नद्यांची, ग्रहांची नावे देण्याची हौस जुनी आहे. १९९० साली डॉन लिब्स यांनी संगणकांच्या नावांविषयी लिहिलेल्या टिपणात अशा नावांची भलामणच केली आहे. यंत्राला त्याच्या कामावरून नाव देऊ नका, असेही बजावले आहे. सर्व्हरपुरते हे आम्हाला मान्य आहे. पण 'गोदावरी'ला दोन कार्डे व चार पोर्ट असले, तर हाक कोणाला मारावयाची? तेव्हा सर्व्हरच्या नावापुढे कार्ड व पोर्ट यांचे क्रमांक जोडावे, आणि तेही ०१, ०२ असे. नाहीतर यंत्र यादी लावताना १ च्या मागोमाग १० आणून बसवते. खोली व कपाटाची जागा नावात न घालता नोंदवहीत ठेवावी, असे आमचे मत आहे. कपाट हलते, नाव खोटे पडते.

एक अक्षर मात्र सोडू नये. सर्व्हरला पुष्कळदा 'ए' आणि 'बी' अशी दोन स्वतंत्र जाळी जोडलेली असतात. एक बंद पडले तरी काम दुसऱ्यावर चालते. 'ए' दुरुस्तीसाठी बंद असताना मध्यरात्री कोणी 'बी'ची केबल उपसली, तर सर्व्हरची डिस्क गेलीच म्हणावयाची. ते अक्षर नावात स्पष्ट असेल, तर हात थबकतो.

कार्ड जळून नवे बसविले, की पाळण्यातले नाव बदलते. हाकेचे नाव तेच ठेवून त्याखाली नवा क्रमांक लिहावा लागतो. एरवी यादी क्रमांकांवर बेतलेली असल्यास सर्व्हरला डिस्क दिसत नाही. ही चूक निदान लगेच कळते. जुना क्रमांक यादीत तसाच राहणे अधिक वाईट. काढलेले कार्ड चांगले निघाले आणि उद्या दुसऱ्या सर्व्हरमध्ये बसविले, तर आधीच्या मालकाच्या डिस्का त्यालाही उघड्या होऊ शकतात.