जमिनीवर अंथरलेली दिनदर्शिका

हजार आणि लाख यांतला फरक खिशाला लगेच कळतो. अब्जावधी वर्षे म्हटली की मात्र डोके चालेनासे होते. १९८० साली ‘कॉसमॉस’ या अमेरिकी मालिकेत कार्ल सेगन यांनी त्यावर तोड काढली. विश्वाचे सारे वय त्यांनी एका वर्षाच्या दिनदर्शिकेत बसवले आणि पडद्यावर चक्क तिच्यावरूनच चालून दाखवले. शून्ये मोजण्यापेक्षा पावले मोजणे सोपे!

आजच्या १३.८ अब्ज वर्षांच्या हिशेबाने यातला एक दिवस म्हणजे जवळपास पावणेचार कोटी वर्षे. महास्फोट १ जानेवारीला. पृथ्वी थेट सप्टेंबरात.

डायनासोर नाताळाच्या सुमारास अवतरतात आणि ३० डिसेंबरला नामशेष होतात. गॅलिलिओची दुर्बीण? ती अगदी शेवटच्या सेकंदात.