खांब वाचला, आजी राहिली : व्हाइट बॅलन्स आणि रॉ फाइल

मागच्या भागात आपण एक्स्पोजरबद्दल बोललो. आज व्हाइट बॅलन्स आणि रॉ. आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून.

आमचं गाव चारठाणा, परभणी जिल्ह्यातला जिंतूर तालुका. यादवकाळातल्या दगडी मंदिरांचं गाव. तीन वर्षांपूर्वी दिवाळीत आजीला घेऊन सकाळी मंदिरात गेलो. आदल्या रात्री घरात पिवळ्या बल्बखाली फोटो काढले होते, त्यामुळे कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स 'बल्ब'वरच राहिलेला. माझ्या लक्षातच नाही!

कोरीव खांबाचे फोटो रॉमध्ये काढले. कार्ड भरत आलं म्हणून जेपेगवर आलो आणि पायरीवर, उन्हात बसलेल्या आजीचे काढले. पुढच्या उन्हाळ्यात आजी गेली. फ्रेमसाठी फोटो शोधायला बसलो, तर सगळे निळे. खांबही निळा, आजीही निळी. बाबा म्हणाले, "अरे, तिचं लुगडं हिरवं होतं की रे."

आता हे होतं कसं? बल्बचा उजेड साधारण ३००० केल्व्हिन, म्हणजे पिवळट. दुपारचं ऊन साधारण ५५०० आणि सावली ७०००च्या पुढे, निळसर. आपला मेंदू हा फरक आपोआप जुळवून घेतो, सेन्सरला ते जमत नाही. म्हणून कॅमेरा लाल आणि निळ्या चॅनेलला एकेका आकड्याने गुणतो. बल्बच्या उजेडात निळा कमी असतो, म्हणून 'बल्ब' सेटिंग निळ्याला जोरात वाढवतं. तेच सेटिंग उन्हात वापरलं की निळ्याचा पूर.

रॉ फाइलमध्ये हा गुणाकार झालेलाच नसतो. सेन्सरने जे मोजलं ते तसंच, १२ किंवा १४ बिटमध्ये. १४ बिट म्हणजे प्रत्येक पिक्सेलला १६,३८४ पायऱ्या. व्हाइट बॅलन्स सोबत फक्त चिठ्ठीसारखा लिहिलेला असतो. चिठ्ठी बदला, रंग बदलला. जेपेगमध्ये गुणाकार होऊन, ८ बिटमध्ये, म्हणजे २५६ पायऱ्यांत बसवून, वर दाबून लहान केलेलं असतं. रॉ म्हणजे पीठ, जेपेग म्हणजे भाजलेली भाकरी. भाकरीत मीठ जास्त झालं तर काढणार कसं?

खांबाची रॉ फाइल डार्कटेबलमध्ये उघडली (सॉफ्टवेअर मोफत आहे) आणि दोन मिनिटांत दगड दगडासारखा दिसायला लागला. आजीच्या फोटोवर दोन रात्री घालवल्या. पांढऱ्या केसांमध्ये निळा चॅनेल २५५ला जाऊन आपटला होता. तिथला तपशील फाइलमध्येच नाही, मग स्लायडर आणणार कुठून? चेहऱ्याच्या सावलीकडच्या बाजूला लाल रंगाच्या मोजक्याच पायऱ्या उरल्या होत्या, वाढवला की डाग पडायचे. लुगडं हिरवं झालं, पण चेहरा काही आला नाही.

शेवटी तो फोटो कृष्णधवल करून भिंतीवर लावला. चांगला दिसतो. पण लुगडं हिरवं होतं, हे आता सांगावं लागतं.

तर लक्षात ठेवायच्या तीन गोष्टी. एक, महत्त्वाचं माणूस समोर असेल तर रॉ. एक फाइल २५-३० एमबीची होते, होऊ द्या. कार्ड स्वस्त आहे. दोन, रॉ म्हणजे जादू नाही. सेन्सरवरच उजेड जास्त झाला असेल तर रॉमध्येही तपशील नसतो. आणि अर्धा चेहरा उन्हात, अर्धा बल्बखाली असेल तर एकच व्हाइट बॅलन्स दोन्हींना पुरत नाही. तीन, त्याच उजेडात ग्रे कार्डचा एक फोटो घ्या, नंतर त्यावर क्लिक केलं की रंग जुळतो. पांढऱ्या धोतरावर विसंबू नका, त्यात नीळ असते!

आणि हो, घरी आजी असेल तर या रविवारी तिचे फोटो काढा. आधी सेटिंग तपासा. भेटू पुढच्या भागात.