भाकरी तीच, माप नवं

तुमच्या ओळखीतली कुणी ना कुणी सध्या 'डाएट'वर असेलच. एक भात सोडते, दुसरी रात्रीचं जेवण, तिसरी सकाळी उठून दुधीचा रस पिते. पंधरा दिवस जातात, कुणाचं तरी बारसं येतं आणि डाएटही पंगतीत बसतं! मला मात्र हा विषय थट्टेवारी नेणं परवडणारं नव्हतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी माझी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ६.१ निघाली. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाचा उंबरठा. माझ्या आईने तो कधीच ओलांडला होता. शेवटची चार वर्षं तिला नातवंडांचे चेहरे दिसत नव्हते, ती आवाजावरून ओळखायची.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि त्याहून जास्त, साडेतेरा कोटींच्या आसपास, माझ्यासारखे उंबरठ्यावर. तिथून पुष्कळांना मागे फिरता येतं, एवढाच काय तो दिलासा.

एका आहारतज्ज्ञ बाईंनी मला छापील तक्ता दिला. ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल... बार्शीत सहा माणसांच्या घरात माझ्या एकटीसाठी वेगळी चूल कोण मांडणार? तक्ता चार दिवस फ्रिजवर राहिला. मग ठरवलं, घरात रोज जे शिजतं तेच खायचं, फक्त माप आणि वेळ बदलायची.

खरी मेख वेळेतच होती. सगळ्यांची जेवणं उरकून मी अडीचला बसायची. तोवर भूक मरायची, नाहीतर इतकी खवळायची की किती खाल्लं ते कळायचं नाही. त्यात पातेल्यातला उरलेला भात, नातवाच्या ताटातली अर्धी पोळी. 'वाया जाऊ नये' म्हणून बाईच्या पोटात किती जातं, याचा हिशेब कुणी ठेवतं का? आता मी एक वाजता सासूबाईंच्या पंगतीला बसते. पहिल्या दिवशी त्या नुसत्या बघत राहिल्या, आठवड्याने स्वतःच हाक मारू लागल्या, "ये गं, भाकरी गार होतीय." तांदूळ एक मूठ कमी घालते, म्हणजे उरतच नाही.

ज्वारीची भाकरी आमच्याकडे घरोघरी. पण ती काही औषधाची गोळी नव्हे. चांगली म्हणून चार खाल्ल्या तर साखर वाढणारच. मी दीड खाते. सोबत मटकीची उसळ किंवा घट्ट वरण, वाटीभर पालेभाजी, कांदा-काकडी. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या सूचनांत निम्मं ताट भाज्या-फळांचं सांगितलंय. माझं रोज जमतं असं नाही, पण मेथी स्वस्त झाली की जमतं!

चहाचं गणित मात्र मी कागदावर मांडलं. दिवसाला पाच कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे जवळजवळ पन्नास ग्रॅम साखर! जागतिक आरोग्य संघटना शक्यतो पंचवीसच्या आत राहा म्हणते, आणि त्यात गोडधोडही आलं. एकदम बंद केलं असतं तर डोकं दुखून चिडचिड झाली असती. दर पंधरवड्याला कपामागे पाव चमचा कमी केला. आता तीन कप, अर्धा-अर्धा चमचा. पाहुण्यांकडे चहा गोडमिट्ट लागतो.

चालायला कुठे जायचं, हा आपल्या छोट्या गावातला मोठाच प्रश्न. बाग लांब, पहाटे कुत्री मागे लागतात, आणि दारात उभी राहून विचारणारी असतेच, "सकाळी सकाळी कुठं निघालीस गं?" मी आणि धाकट्या जाऊबाईंनी भगवंत मंदिराची वाट धरली. देवदर्शनाला जाणाऱ्या बाईला कुणी काही विचारत नाही! पंजाबी ड्रेस, पायात बूट, आणि चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये इतका वेग. आठवड्याला दीडशे मिनिटं भरली की पुरे. रात्री जेवणानंतर गच्चीवर दहा-पंधरा मिनिटं वेगळी, कारण जेवणानंतर चढणारी साखर त्याने कमी चढते.

नुसतं चालून स्नायूंना बळ येत नाही, म्हणून कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत हात न टेकता खुर्चीवरून उठबस करते. पहिल्यांदा सहा झाल्या, आता वीस.

खाडे होतातच. दिवाळी, लेकीचं बाळंतपण, सासूबाईंचं आजारपण. कालनिर्णयवर चाललेल्या दिवशी टिंब काढते. नियम एकच, शक्यतो लागोपाठ दोन चौकोन रिकामे सोडायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं चालले तरी टिंब!

जाऊबाईंचे गुडघे बोलू लागले तेव्हा त्यांनी चालणं कमी करून खुर्चीवरचे व्यायाम धरले. सकाळी त्यांना भूक नसते, म्हणून नाष्टा दहाला. त्यांचं त्यांना जमतं, माझं मला. मात्र ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे, त्यांनी जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदलाव्यात, साखर एकदम उतरू शकते.

सहा महिन्यांनी माझा आकडा ५.८ आला, वजन फक्त तीन किलो उतरलं. शेजारणीला ते फारसं वाटलं नाही, डॉक्टरांना वाटलं. आता श्रावण येतोय. साबुदाण्याऐवजी भगर थोडी, दाण्याची आमटी आणि दही जास्त, असं सासूबाईंशी बोलून ठेवलंय. त्यांनी खिचडीचा एक सोमवार मात्र मागून घेतलाय.