पंचवीस वर्षे, पण कोणत्या पिंपात?

ग्लेनफार्क्लासच्या बाटलीवरचा 25 हा आकडा एवढेच सांगतो, की आतली सर्वांत कोवळी व्हिस्कीही पंचवीस वर्षे मुरलेली आहे. स्कॉचच्या कायद्याला तीन वर्षे पुरतात. मात्र ग्लास नाकाशी नेल्यावर काळ्या मनुका, अंजीर, संत्र्याची साल, दालचिनी असे जे काही दरवळते, त्याचे श्रेय वयाइतकेच पिंपालाही जाते.

ग्लेनफार्क्लास ही डिस्टिलरी स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातली. 1865 पासून ग्रँट कुटुंबाच्या मालकीची. भट्टीतून निघालेले मद्य पाण्यासारखे नितळ असते. त्यावर रंग चढतो तो ओकच्या पिंपात, आणि इथली बहुतेक पिंपे शेरी या स्पॅनिश वाइनने आधीच भिजलेली असतात. युरोपीय ओक मसालेदार, तुरट चव देतो; अमेरिकन ओकमधून व्हॅनिला उतरतो.

पूर्वी शेरी पिंपांतूनच ब्रिटनला जाई. रिकामी पिंपे परत कोण नेणार? ती डिस्टिलऱ्यांना स्वस्तात मिळत. 1980च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करण्याचा नियम आला आणि हा पुरवठा आटला. आता सारे उलटे झाले आहे. खास व्हिस्कीसाठी नवी पिंपे घडवतात, त्यांत साधारण वर्ष-दोन वर्षे शेरी ठेवतात आणि ती काढून पिंपे स्कॉटलंडला धाडतात. शेरी निमित्तमात्र!

चाखताना निमुळत्या तोंडाचा ग्लास घ्यावा. बर्फ नको, गारव्याने गंध दबतो. ओठ किंचित उघडे ठेवून हुंगावे, मग छोटा घोट जिभेवर घोळवावा. रंगावर भुलू नये: नियमांनुसार स्कॉचमध्ये कॅरामेलचा रंग चालतो, ग्लेनफार्क्लास तो घालत नाही.

पाणी घालावे का? 2017 मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी संगणकावर पाहिले, की धुरकट वासाचा ग्वायाकोल हा घटक 45 टक्क्यांपर्यंतच्या अल्कोहोलमध्ये पृष्ठभागाजवळ, म्हणजे नाकाला जाणवेल असा, राहतो. 59 टक्क्यांच्या वर तो आत दडतो. ग्लेनफार्क्लास 25 मुळातच 43 टक्क्यांची आहे. तिच्यात पाण्याचे थेंब घालणे ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग.

स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून दरवर्षी सुमारे दोन टक्के मद्य उडून जाते. त्याला तिथे देवदूतांचा वाटा म्हणतात. गोव्याच्या उकाड्यात हे देवदूत कित्येक पटींनी हावरे! त्यामुळे तिथल्या पॉल जॉन डिस्टिलरीच्या सिंगल माल्ट व्हिस्कीला पंचवीस वर्षे थांबणे परवडत नाही. ती काही वर्षांतच बाटलीत उतरते.