इंदूरची सात वर्षे आणि तक्त्यातील स्तंभांची निवड

२०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर पंचविसाव्या स्थानी होते. पुढच्याच वर्षी ते पहिले आले आणि २०२३ पर्यंत ते स्थान त्याने सोडले नाही. २०२३ मध्ये मात्र सुरत त्याच्या बरोबरीने पहिले ठरले. देशातील प्रमुख शहरांचे हे क्रमांक तक्त्यात मांडायचे, तर शहर, राज्य आणि २०१६ ते २०२३ ही आठ वर्षे मिळून दहा स्तंभ होतात. त्यांपैकी शेवटच्या सात स्तंभांवर ‘इंदूरच्या अग्रस्थानाची वर्षे’ असे सामाईक शीर्षक द्यायचे आहे. काम किरकोळ दिसते. परंतु शीर्षक एक स्तंभ डावीकडे लांबले, तर पंचविसाव्या क्रमांकाचे वर्षही अग्रस्थानात जमा होते.

असे तक्ते संगणकाकडून आखून घेण्यासाठी ‘आर’ या भाषेत ‘जीटी’ ही लायब्ररी आहे. तिच्यात सातही नावे लिहावी लागत नाहीत. पहिल्या व शेवटच्या स्तंभाचे नाव देऊन मध्ये अपूर्णविराम टाकला की दोन्ही टोकांसह मधले सारे स्तंभ निवडले जातात. येथे एक खोच आहे. नावे नुसत्या अंकांची असल्यामुळे ती ‘बॅकटिक’ या चिन्हांत लिहावी लागतात. तसे न केल्यास २०१७ हे नाव न ठरता स्थानक्रमांक ठरते. दहाच स्तंभांच्या तक्त्यात दोन हजार सतरावा स्तंभ शोधताना आज्ञावली चूक दाखवून थांबते. ही चूक बरी म्हणायची, कारण ती निदान दिसते.

‘पायथन’मध्ये तसे होत नाही. तेथील ‘पांडाज’ लायब्ररीत नावांनी पल्ला दिला तर शेवटचा स्तंभ धरला जातो, स्थानांनी दिला तर वगळला जातो. शिवाय मोजणी शून्यापासून असते. त्यामुळे २०१७ चे स्थान तीन आणि २०२३ चे नऊ. पण तीन ते नऊ असे लिहिल्यास २०२३ गळते आणि सुरतेशी वाटून घेतलेले वर्ष कोणतीही सूचना न मिळता शीर्षकाबाहेर राहते. तीन ते दहा असे लिहावे लागते.

‘जीटी’चीच पायथनमधील बहीण ‘ग्रेट टेबल्स’ हिला मात्र अपूर्णविरामाची ही सोय थेट देता येत नाही, कारण पायथनच्या व्याकरणात असा पल्ला चौकटी कंसातच लिहिता येतो. तेथे नावांची यादी द्यावी लागते, किंवा नावाच्या सुरुवातीवरून निवड करावी लागते. ‘२०’ने सुरू होणारे सगळे स्तंभ मागितले, तर २०१६ही त्यात येणारच. त्यापेक्षा पांडाजकडून नावांच्या पल्ल्याने यादी काढून ती ग्रेट टेबल्सला देणे सोयीचे.

नावांचा पल्लाही स्तंभांच्या क्रमावर विसंबून असतो. उद्या कोणी २०१९ आणि २०२० यांच्यामध्ये लोकसंख्येचा स्तंभ घातला, तर तोही मुकाट्याने अग्रस्थानाखाली जाईल. म्हणून शीर्षक देण्यापूर्वी यादीतील नावे मोजावीत: ती सातच हवीत, आठ भरली तर मध्ये काहीतरी घुसले आहे.