चार मिनिटांची आई

पहाटे ५

आधी मोजणी, मग चहा. परड्यात पत्र्याच्या छपराखाली पिंजरा आहे आणि पिंजऱ्यात चिंगीचं, आमच्या सशाच्या मादीचं, लाकडी खोकं. हात साबणाने धुऊन कोरडे करायचे, चिंगीच्याच पिंजऱ्यातलं मूठभर वाळलं गवत हातांना चोळायचं आणि लोकरीखाली दोन बोटं सरकवायची. बोटांना ऊब लागली की जिवात जीव येतो. जानेवारीतली आष्ट्याची पहाट चांगलीच झोंबते, पण लोकरीच्या आत मात्र वैशाख असतो. पिल्लांना तीस-बत्तीस अंशांची ऊब लागते आणि ती त्यांना एकमेकांच्या अंगाची आणि आईने स्वतःच्या पोटावरून उपटलेल्या लोकरीची मिळते.

सात आहेत. पिल्लं चार दिवसांची. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, अंगावर नुसती लव. तीन गुलाबी, चार करड्या कातडीची. मोजायचं अशासाठी, की एखादं मेलेलं आत राहिलं तर बाकीची गारठतात आणि घाणही होते. मोजताना प्रत्येकाचं पोट बघायचं. पोट भरलेलं असलं तर ते टम्म दिसतं आणि पातळ कातडीतून आतलं दूध पांढरं दिसतं. उपाशी पिल्लाच्या पोटाला सुरकुत्या असतात. आज सगळी टम्म आहेत. म्हणजे आई रात्रीत येऊन गेली.

वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर करते आणि मापांच्या वहीत लिहिते. एका पानावर छाती चौतीस, बाही दहा. शेजारच्या पानावर ६१ ग्रॅम, ५८ ग्रॅम, ६३ ग्रॅम. सगळ्यात लहान करडं ४४. आठवड्याभरात जन्माच्या वजनाच्या दुप्पट व्हायला हवं, एवढं एकच गणित लक्षात ठेवायचं.

सकाळी ६

म्हशीचं दूध घेऊन डेअरीवर. तिथे बातमी आधीच पोचलेली असते. श्रावणात लेकीच्या हट्टापायी सांगलीतून दोन ससे आणले, तेव्हा दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं, "दोन्ही माद्याच आहेत, बिनघोर न्या." म्हणून एकीचं नाव चिंगी, दुसरीचं मिंगी. सशाच्या लहान पिल्लांत नर-मादी ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. डिसेंबरात मिंगीने आपण कोण ते दाखवलं. सशाची मादी गायी-म्हशीसारखी माजावर यायची वाट बघत नाही. संगानंतरच तिचं बीज सुटतं आणि तीस-बत्तीस दिवसांत पिल्लं हजर. चिंगी पांढरी, लाल डोळ्यांची, मिंगी करडा. पिल्लांच्या कातडीचा रंग पहिल्याच दिवशी बापाचं नाव सांगतो.

रांगेतल्या मामांचा सल्ला आला, "वहिनी, म्हशीचं पाजा की ड्रॉपरनं. मस्त सातची फॅट हाय."

सातच्या फॅटला इथे चांगला दर मिळतो. पण सशाच्या दुधाची फॅट बारा-तेराच्या घरात असते, प्रथिनंही म्हशीच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट आणि साखर अगदी नाममात्र. म्हणून तर एकदा पाजून दिवस निघतो. म्हशीचं दूध त्या पिल्लाला पातळही पडतं आणि बाधतंही. शिवाय ड्रॉपरने उताणं धरून पाजलं की दूध फुप्फुसात जातं. आई जिवंत आहे, पोटं भरलेली आहेत, तोवर ड्रॉपर कपाटातच बरा.

"बाराची फॅट?" मशीनवरचा पोरगा म्हणाला. "सात नगं, सत्तर ससं पाळा मग."

सकाळी ८

आता चिंगीचं खाणं. पिल्लांचं सगळं तिच्यातूनच जाणार, त्यामुळे खरी सेवा तिचीच. लसूणघास धुऊन, उन्हात जरा सुकवून द्यायचा. एरवी वाढलेल्या सशाला एवढा लसूणघास नको, त्यात चुना फार. पण अंगावर पाजणाऱ्या मादीला तोच लागतो. वाळलं गवत मात्र दिवसभर समोर हवंच. उसाचं वाढं म्हशीला ठीक, सशाला त्यात काही नाही. बांधावरचं गवत आणायचं तर शेजारच्या रानात फवारणी झाली आहे का, हे आधी विचारायचं. गाजराचे दोनच काप, तेही लेकीच्या समाधानासाठी.

पाणी जड मातीच्या भांड्यात. पाजणारी मादी दिवसाला लिटरभरही पिते. भांडं कोरडं पडलं की दूध आटतं. चिंगी पीत असताना तिच्या पोटाखालून हलकेच हात फिरवून घेते. एखादं थान गरम, कडक किंवा निळसर लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

सकाळी १०

मशीनवर बसते. संक्रांत तोंडावर, त्यामुळे काळ्या ब्लाउजांचा ढीग. फॉल-पिकोच्या साड्या वेगळ्या. बायका ब्लाउज न्यायला येतात आणि आधी परड्यात डोकावतात.

"हात लावलास व्हय गं? आता आई खाती बघ त्यास्नी," गल्लीतल्या काकू म्हणाल्या.

हे मी रोज ऐकते. माणसाच्या हातात वाढलेली मादी हाताच्या वासाने पिल्लं टाकत नाही. ती वार खाते, कधी मेलेलं पिल्लूही खाते. पण जिवंत पिल्लांवर तोंड टाकते ते बहुतेक वेळा भेदरून, तहानेने किंवा सारख्या गर्दीने. म्हणजे धोका माझ्या दोन बोटांपेक्षा पिंजऱ्याभोवती जमलेल्या पाच पोरांचा जास्त. म्हणून पोरांसाठी नियम केला आहे : बघायचं दारातून, बोलायचं हळू, खोकं उघडायचं नाही.

दुसरीने चिंध्यांची पिशवी उचलली. "एवढ्या चिंध्या पडल्यात, घाल की खाली. थंडी किती!" शिवणकाम करणारीच्या घरी चिंध्यांना तोटा नाही, पण खोक्यात एकही जाऊ देत नाही. चिंधीचा दोरा सुटतो, पिल्लाच्या पायाला गुरफटतो, पिल्लू वाढतं आणि दोरा आवळत जातो. पाय काळा पडल्यावर कळतं. कापसाचंही तेच. खोक्यात वाळलं गवत आणि आईची लोकर, तिसरं काही नाही.

दुपारी १२

डॉक्टरांना फोन. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले आहेत. आमच्या भागात त्यांचा दिवस गायी-म्हशींच्या गाभणपणात आणि लाळ-खुरकुताच्या लसीत जातो, तरी सशाचं नीट सांगतात. त्यांचा पहिला प्रश्न पिल्लांचा नसतोच.

"नर कधी वेगळा केलात?"

"सकाळी पिल्लं दिसली तशी लगेच."

"म्हणजे रात्रभर एकत्र होते."

इथेच गोम आहे. सशाची मादी व्यायल्यानंतर काही तासांत पुन्हा गाभण राहू शकते. ही सात अंगावर पीत असताना पोटात दुसरी वाढत असतील, तर महिन्याने पुन्हा हाच खेळ. "दहा-बारा दिवसांनी आणा, पोट चाचपून सांगतो," डॉक्टर म्हणाले. "आणि नराचं ऑपरेशन केलं तरी पुढचा महिना-दीड महिना त्याला तिच्याकडं सोडू नका. तेवढे दिवस तो बाप होऊ शकतो."

शेवटी त्यांनी बजावलं ते लिहून भिंतीला चिकटवलं आहे : घरातलं अमॉक्सिसिलिन सशाला तोंडावाटे द्यायचं नाही. माणसाच्या लेकराला चालणारं हे औषध सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मारतं आणि ससा जुलाबाने जातो.

दुपारी २

पत्रा तापला. रात्री हुडहुडी आणि दुपारी तिशीच्या वर, असं आमचं जानेवारीचं हवामान. छपरावर उसाचं पाचट पसरलं आहे, ओलं पोतं पिंजऱ्याच्या एका बाजूला लावलं आहे. ससा घामेजत नाही. अंगातली उष्णता कानांवाटे सोडतो. खोक्यात डोकावलं की पिल्लं स्वतःच सांगतात. एकावर एक रचली असतील तर थंडी वाजते आहे. चहूकडे पांगली असतील तर उकडतं आहे. आज पांगली आहेत. वरची मूठभर लोकर काढून डब्यात ठेवते, संध्याकाळी परत घालण्यासाठी.

लेक शाळेतून आली की तिचं एकच गाऱ्हाणं. "मम्मी, चिंगी त्यांच्याकडं जातच नाही गं. नुसती लांब बसलीय. तिला आवडत नाहीत का?"

मांजर पिल्लांना कुशीत घेऊन झोपतं, कोंबडी पंखाखाली घेते. लेकीला तेच माहीत. चिंगी खोक्याकडे पाठ करून पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला बसते, रवंथ केल्यासारखं तोंड हलवते. पण पाळीव ससे मूळचे स्पेन-पोर्तुगालकडच्या रानातल्या सशांचे वंशज. तिथली मादी पिल्लांसाठी वेगळं बीळ खणते, पाजून झालं की बिळाचं तोंड मातीने बुजवते आणि निघून जाते. जवळ बसली तर तिच्या वासाने कोल्हा येईल. लांब राहणं हीच तिची राखण. दिवसातून एकदा यायचं, तीन-चार मिनिटं पाजायचं, निघायचं. एवढ्या वेळात आंधळ्या पिल्लांना थान सापडतं ते वासावर. आईच्या दुधातला तो खुणेचा वास फ्रान्समधल्या संशोधकांनी २००३ मध्ये शोधून काढला.

लेकीला एवढंच सांगितलं, "ती लांब बसते म्हणून पिल्लं सुखरूप आहेत." तिला ते पटलेलं नाही.

दुपारी ४

मागच्या शिवारात तोड चालू आहे. सांगली-इस्लामपूर रस्त्यावर ट्रॅक्टर कारंदवाडीच्या कारखान्याकडे ओळीने चाललेले. टोळीतली एक बाई पदरात काहीतरी घेऊन आली.

"ताई, फडात घावलं. तुमच्या सशाला पिल्लं हायेत म्हनं. त्याच्याखाली लावा की हे."

रानसशाचं पिल्लू होतं. मूठभर, पण अंगावर भरगच्च केस आणि डोळे टक्क उघडे. रानससा बीळ करत नाही, उघड्यावर वितो, म्हणून त्याची पिल्लं जन्मतःच तयार असतात. आमच्या सातांशी त्याचं नातं फार दूरचं. चिंगीच्या खोक्यात ते टिकणार नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रानससा घरात ठेवताही येत नाही. पण त्याची आईही चिंगीसारखीच वागते. दिवसभर लांब, तिन्हीसांजेला पाजायला परत. वाळवा-शिराळ्याच्या पट्ट्यात तोडीच्या वेळी बिबट्याची पिल्लं सापडतात, तेव्हा वनखातंसुद्धा ती त्याच जागी ठेवून रात्रीची वाट बघतं.

बाईसोबत गेले. पिल्लू सापडलं त्या सरीच्या अगदी जवळ, बांधाच्या गवतात ठेवलं. मुकादमाने तेवढा कोपरा आज सोडायचं कबूल केलं.

संध्याकाळी ६

बंदोबस्त. मांजर, मुंगूस, घूस, साप, मुंग्या, सगळ्यांना ताज्या पिल्लांचा वास लागतो. पिंजऱ्याला अर्ध्या इंचाची जाळी, खाली फरशी, कडीला तार. पिंजऱ्याचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत, मुंग्यांसाठी. दुपारची लोकर परत खोक्यात. मिंगी वेगळ्या पिंजऱ्यात पाय आपटतो. त्याला चिंगी दिसू नये म्हणून मध्ये प्लायवूड लावलं आहे.

रात्री ९

जेवताना भविष्याची चर्चा. दहा-बारा दिवसांची झाली की डोळे उघडतील, तिसऱ्या आठवड्यात खोक्याबाहेर उड्या मारतील, गवत कुरतडतील. दोन महिन्यांची होईपर्यंत कुणालाही द्यायची नाहीत आणि त्याआधी नर-मादी वेगळे काढायचे, नाहीतर भावंडांतच पुढची पिढी सुरू होईल.

सासरे म्हणाले, "सात हायेत, वरसात सत्तर हुतील. धंदा चांगला हाय म्हणत्यात."

"कडकनाथ इसरला काय?" सासूबाईंनी ताटावरून मान वर न करता विचारलं. २०१९ साली कडकनाथ कोंबड्यांच्या योजनेने याच तालुक्यात लोकांचे पैसे बुडवले. विषय तिथेच संपला. तीन पिल्लांना घरं ठरली आहेत, बाकीच्यांची बघू.

रात्री ११

शेतीपंपाची लाईट या आठवड्यात रात्रीची. हे उसाला पाणी पाजायला निघाले आणि बॅटरीच्या उजेडात मला परड्यात हालचाल दिसली. चिंगी खोक्याच्या कडेवर पुढचे पाय ठेवून कान फिरवत होती. मी बॅटरी विझवायला सांगितली. गल्लीतल्या दिव्याचा उजेड पुरेसा होता.

ती आत उतरली आणि पिल्लांवर नुसती उभी राहिली. ना आडवी झाली, ना कुणाला जवळ ओढलं. खालून लोकर उसळली आणि साती उताणी होऊन थानांना लागली. धडपड, ढुशा, चुटचुट आवाज. एक थान सोडून दुसरं, दुसरं सोडून तिसरं. चार मिनिटं झाली असतील. मग तिने एकाएकी उडी मारली आणि बाहेर आली. मागे वळून पाहिलं नाही, थेट पाण्याकडे गेली.

पण थान न सोडलेलं एक पिल्लू तिच्याबरोबर लोंबकळत बाहेर आलं आणि फरशीवर पडलं. तेच ४४ ग्रॅमचं करडं. मांजर असती तर मानगूट धरून आत नेलं असतं. सशाची आई ते करत नाही. बिळात पिल्लू बाहेर पडायचा प्रश्नच नसतो, त्यामुळे ते तिच्या स्वभावातच नाही. चिंगी त्याच्यापासून वीतभर अंतरावर पाणी पीत राहिली. फरशी गार होती. मी त्याला दोन्ही तळहातांत धरलं, ऊब येईपर्यंत थांबले, पोट बघितलं. भरलं होतं. मग बाकीच्यांच्या मधोमध सोडलं, वरून लोकर सारखी केली. खोक्याच्या कडेला उद्या एक उंच फळी ठोकायची, हे वहीत लिहिलं.

हे पाणी धरून बाराच्या पुढे आले. पाय धुताना म्हणाले, "दिवसभर त्या खोक्यापाशीच होतीस, असं आई सांगत होती. काय केलंस एवढं?"

"एक पिल्लू उचलून आत ठेवलं," मी म्हटलं.