तिकीट काढलं, पण त्यावर बारकोडच नाही. गेटवर अडवतील का?

मुंबई-पुण्यात मोठी कॉन्सर्ट किंवा क्रिकेटचा सामना जाहीर झाला की जळगाव-धुळ्यातल्या मोबाइलवरही तिकिटांसाठी झुंबड उडते. पैसे खात्यातून कटतात, ‘बुकिंग कन्फर्म’ असा मेसेज येतो. ॲपमध्ये कार्यक्रमाचं नाव, तारीख, स्टँड, सीट सगळं दिसतं. फक्त जिथे बारकोड हवा तिथे रिकामी चौकट, नाहीतर ‘क्यूआर कोड कार्यक्रमाच्या आधी उपलब्ध होईल’ एवढीच ओळ. जळगावहून मुंबई रेल्वेने ४२० किलोमीटर. रात्रीची गाडी, लॉजचं भाडं, ऑफिसची रजा हे सगळं जुळवून गेल्यावर गेटवरून परत फिरायची वेळ आली तर? बारकोड नसलेलं तिकीट खोटंच असतं असं नाही. मात्र असं तिकीट कुणाच्या हातून आलं, यावर बरंच काही अवलंबून असतं.

बारकोडमध्ये असतं तरी काय?

फार काही नाही, बहुतेक वेळा फक्त एक लांबलचक क्रमांक. तिकीट कोणी काढलं, किती पैसे भरले, कोणती सीट मिळाली ही नोंद तिकीट विकणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर असते. गेटवरचा स्कॅनर क्रमांक वाचतो आणि दोनच गोष्टी तपासतो. हा क्रमांक खरंच दिला गेला आहे का, आणि यावर आधी कुणी आत गेलं आहे का? क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने तयार केला तो मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी. तो पटकन वाचला जावा हा उद्देश होता. त्याची नक्कल होऊ नये, हा नव्हता.

भुसावळ-जळगावच्या प्रवाशांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. रेल्वेचं आरक्षण केलं की दहा अंकी पीएनआर मिळतो. ई-तिकीट असेल तर मोबाइलवरचा एसएमएस आणि मूळ ओळखपत्र एवढ्यावर प्रवास होतो. टीसी कोड स्कॅन करत बसत नाही, तो चार्टवर नाव बघतो. म्हणजे तिकीट कागदात नसतं, नोंदीत असतं.

नाटकाचं उलट. जळगावच्या छत्रपती संभाजीराजे नाट्यगृहात किंवा धुळ्याच्या राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिरात ज्यांनी नाटकं पाहिली आहेत, त्यांनी प्लॅनवर खूण करून हातात दिलेलं सीट नंबरचं छापील तिकीट वापरलेलं असेल. दारावर अर्धं फाडलं की काम झालं. इथे कुणाचं नाव नाही, कोड नाही; ज्याच्या हातात कागद, त्याची खुर्ची. यात्रेतल्या तमाशाच्या तंबूवरही हाच हिशेब.

मग ॲपवरचा कोड लपवतात कशाला?

कारण सोपं आहे. कोड दोन महिने आधी दिला तर त्याचा स्क्रीनशॉट दोन महिने फिरतो. एकच स्क्रीनशॉट दहा जणांना विकता येतो. गेटवर दहाही जण पोहोचतात आणि सगळ्यात आधी जो स्कॅन करेल तो आत जातो. बाकीच्या नऊ जणांना स्कॅनर ‘आधीच वापरलेलं’ असं दाखवतो, मग त्यांनी पैसे कितीही मोजलेले असोत. कोड जितका उशिरा द्यावा, तितका विकणाऱ्याला वेळ कमी.

काही कंपन्या याच्याही पुढे गेल्या. अमेरिकेतल्या टिकेटमास्टरने २०१९ मध्ये बदलत्या बारकोडची पद्धत आणली. हा कोड दर काही सेकंदांनी नवा होतो. तिकीट काढताना सर्व्हर आणि फोन यांच्यात एक गुप्त किल्ली ठरते. फोन ती किल्ली आणि चालू वेळ मिसळून कोड तयार करतो, तिकडे सर्व्हरही तसंच गणित करतो. दोन्ही जुळले तर प्रवेश. जीमेल किंवा बँकेच्या लॉगइनसाठी ऑथेंटिकेटर ॲप वापरणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल, कारण तत्त्व तेच आहे. जुलै २०२४ मध्ये हॅकर्सनी टेलर स्विफ्टच्या कार्यक्रमांचे लाखभराहून जास्त बारकोड चोरल्याचा दावा केला, तेव्हा आमचे कोड सतत बदलतात, चोरून उपयोग नाही, असंच उत्तर कंपनीने दिलं होतं.

या पद्धतीचा एक उपद्रवही आहे. फोनची वेळ हाताने मागेपुढे केली असेल तर कोड जुळत नाही. त्यामुळे सेटिंगमध्ये वेळ ‘ऑटोमॅटिक’ ठेवलेली बरी.

आणि कागदी तिकीटच सक्तीचं असेल तर?

हा आपल्याकडचा खास प्रकार, आणि बाहेरगावच्या प्रेक्षकांची सगळ्यात जास्त पंचाईत इथेच होते. २०२३ च्या क्रिकेट विश्वचषकात ई-तिकिटावर प्रवेश मिळणार नाही, छापील तिकीटच लागेल, असं बीसीसीआयने आधीच जाहीर केलं होतं. ऑनलाइन मिळालेली पावती ही तिकिटाची हमी होती, तिकीट नव्हतं. अशा वेळी पावतीवर बारकोड नसणं अगदी बरोबर असतं, पण ती घेऊन थेट गेटवर गेलं तर आत सोडत नाहीत. आधी ठरलेल्या केंद्रावरून तिकीट घ्यावं लागतं किंवा ते कुरिअरने येतं. केंद्र सामन्याच्या दिवशी सुरू असेलच असं नाही. सकाळी मुंबईत उतरून संध्याकाळी सामना बघू, असा बेत असेल तर केंद्राची तारीख आणि वेळ गाडीचं तिकीट काढण्यापूर्वी बघायला हवी. तिथे सहसा बुकिंग क्रमांक आणि मूळ ओळखपत्र मागतात. दुसऱ्या कुणाला पाठवायचं असेल तर अधिकारपत्र चालतं का, तेही अटींमध्ये लिहिलेलं असतं. या अटी कंटाळवाण्या असतात, पण ‘एम-तिकीट प्रवेशासाठी ग्राह्य नाही’ ही ओळ तिथेच दडलेली असते.

खरा धोका कुठे?

धोका दुसऱ्याकडून घेतलेल्या तिकिटात. कोल्डप्लेच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची विक्री २२ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाली. मूळ किमती अडीच हजारांपासून ३५ हजारांपर्यंत होत्या. बघता बघता दुसऱ्या संकेतस्थळांवर तीच तिकिटं लाखांच्या भावाने झळकू लागली. अशा संकेतस्थळांशी आपला संबंध नाही, असं बुकमायशोने जाहीर केलं आणि पोलिसांत तक्रारही दिली. ऑक्टोबरमध्ये कोल्डप्ले आणि दिलजीत दोसांझच्या कार्यक्रमांच्या काळ्या बाजारावरून ईडीने पाच शहरांत छापे घातले. तिकिटांच्या फेरविक्रीला आळा घालण्यासाठी नियम करावेत ही जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली; कायदा करणं हे विधिमंडळाचं काम, अशी न्यायालयाची भूमिका होती. म्हणजे तूर्त सावधगिरी ग्राहकालाच बाळगायची आहे.

भामट्यांना बारकोड उशिरा येतो हे पक्कं ठाऊक असतं. ‘भाऊ, कोड तर सगळ्यांनाच आदल्या दिवशी येतो, तू पैसे टाक’ हे वाक्य ऐकायला खरं वाटतं, कारण त्याचा पहिला भाग खरा असतो. टेलिग्राम किंवा इन्स्टाग्रामवर भेटलेला विक्रेता बुकिंगचा स्क्रीनशॉट पाठवतो, त्यावर बारकोड नसतो आणि तो का नाही याचं कारणही तयार असतं. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री त्याचा नंबर बंद.

म्हणून बारकोड आहे की नाही यापेक्षा तिकीट कुणाच्या खात्यात आहे, हे आधी बघावं. ज्या कंपनीने तिकीट विकलं तिच्याच ॲपमध्ये स्वतःच्या मोबाइल नंबरने लॉगइन केल्यावर ‘माझी बुकिंग’मध्ये ते दिसत असेल, तर कोड नसला तरी चिंता नाही. दुसऱ्याकडून घ्यायचंच असेल तर ॲपमधली ‘ट्रान्सफर’ची सोय असेल तरच घ्यावं, त्यात जुन्या मालकाचं तिकीट रद्द होऊन नव्याच्या नावावर येतं. ट्रान्सफरची सोयच नसेल तर विक्रेत्याचं तिकीट खरं असूनही उपयोग नाही, कारण कोड त्याच्याच फोनवर येणार. ‘रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असं कुणी म्हटलं तर तिथेच थांबावं. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही.

पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा; रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांत जास्त असते. विक्रेत्याचा यूपीआय आयडी, व्यवहार क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवावेत, कारण तक्रार नोंदवताना तेच मागतात. अधिकृत कंपनीकडूनच काढलेल्या तिकिटावर कोड वेळेत आला नाही आणि कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.